विडालचा आकडा आणि ‘मुरलेला’ टायफॉइड

तासगावच्या माझ्या मावशीला ताप नाही, भूक नीट लागते, पहाटे डेअरीत दूध घालायला ती स्वतः चालत जाते. तरीही तिने मागच्या महिन्यात सात दिवस इंजेक्शने टोचून घेतली. एका तपासणी शिबिरातल्या अहवालात तिची विडाल, म्हणजे टायफॉइडसाठी केली जाणारी रक्तचाचणी, ‘एच 1:160’ आली होती. त्यावर आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप गटात एक संदेश फिरला: विडाल पॉझिटिव्ह म्हणजे टायफॉइड अंगात मुरला आहे, चाचणी निगेटिव्ह येईपर्यंत इंजेक्शने थांबवू नयेत, निगेटिव्ह आली तर टायफॉइड नाहीच, आणि तोवर चपाती-भाकरी बंद.

विडाल चाचणी जंतू शोधतच नाही. रुग्णाचे सीरम (रक्तातला पेशी वगळून उरणारा द्रव) पातळ करत जाऊन ते टायफॉइडच्या मेलेल्या जंतूंच्या द्रवात मिसळतात आणि गुठळ्या होतात का, हे पाहतात. 160 पट पातळ करूनही गुठळ्या झाल्या, एवढाच 1:160 चा अर्थ. त्या गुठळ्या करतात शरीराने जंतूंशी लढण्यासाठी पूर्वी कधीतरी तयार केलेली प्रतिपिंडे. मावशीला 2019 च्या महापुरानंतर मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइडच, येऊन गेला होता, आणि ‘एच’ प्रतिपिंडे (जंतूच्या शेपटीसारख्या धाग्यांविरुद्धची) रोग बरा झाल्यावरही वर्षानुवर्षे टिकू शकतात.

सर्वांत घातक सल्ला ‘निगेटिव्ह येईपर्यंत इंजेक्शने’ हा आहे. प्रतिजैविक जंतू मारते, जुनी प्रतिपिंडे पुसून टाकत नाही. त्यामुळे या सल्ल्याला शेवटच नाही. सात दिवसांनी मावशीचा आकडा पुन्हा 1:160 च आला, तेव्हा गटात कोणीतरी लगेच लिहिले, ‘डोस कमी पडला.’ जंतू असल्याचा पुरावाच नसलेल्या बाईला आणखी किती डोस द्यायचे, आणि उद्या खरोखर गरज पडेल तेव्हा तेच औषध निकामी ठरले तर काय करायचे, याचा विचार कोणी केला नाही.

निगेटिव्हच्या मुद्द्यातही दम नाही. जागतिक आरोग्य संघटनेची टायफॉइडवरील 2003 ची पुस्तिका स्पष्ट सांगते की कल्चरने, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणाऱ्या तपासणीने, सिद्ध झालेल्या रुग्णांपैकी 30 टक्क्यांपर्यंत रुग्णांत विडाल निगेटिव्ह येऊ शकते. उलट मलेरियासारख्या दुसऱ्या आजारात ती खोटी पॉझिटिव्ह येते, आणि जिथे टायफॉइड कायम असतो तिथे धडधाकट माणसांच्या रक्तातही थोडी प्रतिपिंडे सापडतात. म्हणून ताप असताना, प्रतिजैविक सुरू करण्याआधी, रक्ताचे कल्चर करणे हाच भरवशाचा मार्ग आहे, जरी तेही काही रुग्णांत जंतू पकडू शकत नाही.

चपाती-भाकरीबद्दल काय लिहावे? ताप नसलेल्या माणसाने खुशाल खावी.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो: टायफॉइड काही जणांच्या अंगात खरोखर राहतो. त्याच पुस्तिकेनुसार 1 ते 5 टक्के रुग्ण दीर्घकाळ वाहक बनतात, म्हणजे बरे होऊनही जंतू अंगात बाळगतात, आणि जंतू बहुधा पित्ताशयात ठाण मांडतात. पण तो वाहक शोधायचा असेल तर शौचाचे कल्चर करावे लागते, तेही एकापेक्षा अधिक वेळा. मावशीच्या फाइलमध्ये विडालचे चार कागद आहेत. कल्चरचा एकही नाही.