भिडे मास्तरांना ते घर परवडलं कसं?

गेले दोन महिने मी गोरेगाव ईस्टला भाड्याचा वन बीएचके शोधतोय आणि रोज साडेआठला आमच्या हॉलमध्ये 'तारक मेहता' लागतं, या दोन गोष्टी एकाच खोलीत चालल्या की डोकं फिरतं हो. हॉल म्हणजे जिथे टीव्ही आहे, आईचा दिवाण आहे, फ्रीज आहे (किचनमध्ये ठेवला तर त्याचं दार उघडत नाही) आणि उरलेल्या जागेत मी आहे, ती खोली.

2008 पासून चालू आहे ही मालिका, आई अजून पहिल्यांदा बघितल्यासारखी हसते. मला मात्र हल्ली जोक ऐकूच येत नाहीत, मी नुसते स्क्वेअर फूट मोजतो. आता बघा, मालिकेतल्या गोकुळधाम सोसायटीतले आत्माराम तुकाराम भिडे शिकवण्या घेतात, त्यांची बायको माधवीवहिनी लोणची-पापड विकतात, आणि एवढ्यावर पावडर गल्ली, फिल्मसिटी रोड या पत्त्यावर असा हॉल की मास्तरांना चिडल्यावर येरझाऱ्या घालता येतात! आमच्याकडे भांडण झालं की एकाला बाथरूममध्ये जाऊन बसावं लागतं. बरं, लोणच्याच्या बरण्या कुठायत? माझ्या मावशीने एका मे महिन्यात कैरीच्या लोणच्याची मोठी ऑर्डर घेतली तर काका आठवडाभर जिन्यात पेपर वाचत होते आणि पडद्याला मेथी-हिंगाचा वास दिवाळीपर्यंत होता.

कळतं मला, सेट आहे. कॅमेऱ्याला मागे सरकायला जागा लागते, एक भिंत मुळात नसतेच. म्हणून तर अख्खी सोसायटी एका घरात आली तरी सगळे शाळेच्या ग्रुप फोटोसारखे आपल्याकडे तोंड करून ओळीत उभे. कंपाउंडचा सेट खरंच गोरेगावच्या फिल्मसिटीतला, म्हणजे पत्ता जवळपास खरा, कार्पेट एरिया तेवढा खोटा. ब्रोकर तरी वेगळं काय करतात? परवा एकाने दाखवलेल्या बेडरूममध्ये कपाट ठेवलं तर बेड मावत नाही आणि बेड ठेवला तर दार लागत नाही, आणि हा म्हणतो, "साहेब, फोटोत बघा ना, केवढी दिसते!"

पण सगळ्यात मोठी थाप पोपटलालची. पेपरात नोकरी, गोकुळधाममध्ये अख्खा फ्लॅट, घरात सासू नाही, सासरा नाही, आणि याचं लग्न जमत नाही? अहो, आमच्याकडे बायोडेटात मुलाच्या नावाआधी घर कुठे आहे ते वाचतात, याच्या दारातून मुलींच्या वडिलांची रांग दहिसर चेकनाक्यापर्यंत जायला पाहिजे.

हे सगळं तावातावाने आईला ऐकवलं. तिने ब्रेक लागेपर्यंत माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग म्हणाली, "एवढ्या घरात एकटाच असतो ना तो? मग त्यालाच विचार की, पेइंग गेस्ट ठेवतो का."