ट्राउटचा डबा आणि चोणकाची खाडी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गोव्याच्या खाड्यांत चोणकासाठी (बारामुंडी, खाडीतला मोठा शिकारी मासा) कोणते फ्लाय (गळावर पिसं-केस बांधून केलेलं नकली भक्ष्य) निवडावेत, या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून टीका केलीत, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट धरता. तिथं पाण्यावर जो किडा उडतो त्याच्यासारखा फ्लाय निवडणं हीच खरी विद्या, आणि मी चार केसाळ, भडक फ्लाय सांगून ती विद्याच मोडीत काढली. रंगांचा तक्ता दिला नाही, ही दुसरी तक्रार. आणि जिवंत सुंगट (कोळंबी) लावलं की चोणक मिळतोच, मग हा खटाटोप कशाला, हा तिसरा प्रश्न.

विद्या मोडीत काढलेली नाही. ट्राउट थंड पाण्यातला मासा. पाणी वीस अंशांच्या वर चढू लागलं की तो अस्वस्थ होतो, म्हणून आमच्या नद्यांत तो नाही. दगडांखाली वाढणारे आणि पंख फुटल्यावर वर येणारे किडे हे त्याचं मोठं खाणं, त्यामुळे तुमच्या डब्यात नखाएवढे फ्लाय असतात. चोणकाचं खाणं म्हणजे शेवट्याची (मुलेट माशाची) पिल्लं, सुंगटं, बारके मासे. मासा काय खातोय ते बघून फ्लाय बांधायचा हा नियम दोन्हीकडे एकच. फरक इतकाच की तुमच्याकडे जेवणाची वेळ किडे ठरवतात, आमच्याकडे भरती-ओहोटी.

खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीच्या) मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, उभं राहिलात तर हे डोळ्यांनी दिसेल. मानशीची लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. दारं उघडली की आतलं पाणी सुंगटं आणि बारकी मासळी घेऊन बाहेर धावतं. चोणक त्या धारेत उभा राहत नाही. धावतं पाणी आणि थांबलेलं पाणी जिथं एकमेकांना घासतं, त्या फेसाच्या रेघेखाली तो असतो. तोंड झटक्यात उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो, आणि पृष्ठभागाजवळ असेल तर ‘भप्’ असा आवाज होतो. तो आवाज आला की मी बोटभर लांबीचा, फिक्या तपकिरी रंगाचा सुंगटासारखा फ्लाय धारेच्या वरच्या अंगाला टाकतो आणि ओढत नाही, वाहू देतो. तीर्थनवर तुम्ही निम्फ (पाण्याखालच्या किड्याच्या पिल्लासारखा फ्लाय) जसा सोडता, अगदी तसाच. तुमचा सराव इथं माझ्यापेक्षा जास्त कामाला येईल. एक मात्र पाळा: मानशीवरच्या मासेमारीचा हक्क लिलावाने दिलेला असतो, तेव्हा हक्कदाराला विचारल्याशिवाय गरी टाकू नका.

आता रंग. मी तक्ता दिला नाही, कारण माझ्या हिशेबात रंग तिसरा येतो. आधी खोली, मग आकार. पावसाळ्यात मांडवी तांबडी-गढूळ असते तेव्हा माशाला रंग नव्हे, आकृती दिसते. म्हणून काळा किंवा गडद जांभळा, जाड डोक्याचा, पाणी हलवणारा फ्लाय. हिवाळ्यात पाणी निवळलं की पांढरा आणि शेवाळी.

तुम्हाला खटकलेला क्लाउझर मिनो हा फ्लाय मी पहिला का ठेवला, तेही सांगतो. अमेरिकेत सस्क्वेहाना नदीवर बॉब क्लाउझर यांनी तो बास माशासाठी बांधला. त्याचे शिशाचे डोळे गळाच्या दांडीवर अशा बाजूला बांधलेले असतात की वजनाने फ्लाय उलटतो आणि गळाचं टोक वर राहतं. तो खाली जातो, पण कांदळवनाच्या मुळांत कमी अडकतो. तांबोशी (खाडीतला तांबडा स्नॅपर मासा) तर त्या मुळांतच बसते आणि फ्लाय घेतला की परत मुळांतच घुसते. उथळ पाण्यात शेवट्याची पिल्लं वरवर फिरत असतील, तर बिनवजनाचा, लांब पिसांचा डिसीव्हर नावाचा फ्लाय बरा.

जिवंत सुंगटावर जास्त मासे मिळतात, हे खरंच आहे. पण मासा सुंगट गिळतो आणि गरी पोटात जाते. चालत्या फ्लायचा गळ बहुधा जबड्यात लागतो, त्यामुळे मासा धडधाकट सोडता येतो. चोणक आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी मिरवला जाणारा मोठा मासा जवळपास नेहमी अंड्यांची मादी असते, आणि पावसाच्या सुमारास ती खाडीच्या मुखाकडे अंडी घालायला उतरते. ती मारली तर खाडीचं किती नुकसान होतं, हे मला फार लागतं. म्हणून मी गळाचा काटा पक्कडीने दाबून टाकतो.

इकडे आलात तर ट्राउटचा चार-पाच नंबरचा रॉड घरी ठेवा, आठ किंवा नऊ नंबरचा आणा. लीडरच्या (मुख्य दोरी आणि फ्लाय यांमधल्या बारीक दोऱ्याच्या) टोकाला निदान ४० पौंडी जाड मोनोफिलामेंट बांधा. चोणकाच्या कल्ल्याच्या झाकणाची कड बारीक दोरा सहज कापते. आणि तीर्थनसारखं पाण्यात उतरून उभं राहायचं नाही. चिखल मांडीपर्यंत घेतो, आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. बांधावरून किंवा होडीतूनच टाका. दिवस भांगाचे (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते) निवडा, पाणी कमी धावतं आणि कमी गढूळ असतं. तारीख कळवलीत तर त्या दिवशीची ओहोटी बघून कोणते फ्लाय बांधून आणायचे ते लिहून पाठवतो.