डबर टाकायचं कुठे, ते एकदा सांगून टाका

आज सकाळी आमच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, कोणीतरी बांधकामाच्या डबराचा अख्खा डंपर रिकामा केला. गिलाव्याची ढेकळं, फुटक्या टाइल्स, पीओपी, वर कमोडचं अर्धं भांडं. हा पऱ्या पुढे वाशिष्ठीला मिळतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरात काय झालं ते चिपळूणकरांना मी सांगायला नको. नंतर नदीतला गाळ उपसायला पोकलेन लागले, आणि आपण वरून परत भर घालतोय. लाजच सोडली!

गेल्या उन्हाळ्यात आम्ही मागची पडवी पाडली. जांभ्याचे चिरे शाबूत निघाले, ते कुंपणाच्या गडग्याला लागले. कौलं शेजाऱ्यांनी गोठ्यासाठी नेली, लोखंड भंगारवाल्याने. उरलं स्लॅबचं काँक्रीट आणि गिलावा. पंचायतीत विचारलं, तर "टाका खड्डा बघून कुठेतरी." कचरा डेपोवर नेलं, तर गेटवरच अडवलं. बरं, तो गेटवरचा माणूस चूक नव्हता. डबर कुजत नाही, खताची वाट लावतं आणि जागा कायमची अडवून बसतं. पण मग न्यायचं कुठे? गप्प. डिझेल आमचं जळालं.

नियम २०१६ पासून आहेत. त्या २०१६ च्या नियमांत होतं: दिवसाला २० टन किंवा एका कामातून महिन्याला ३०० टन निघत असेल, तर काँक्रीट, माती, विटा-गिलावा आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक वेगवेगळं करायचं, आराखडा आधी मंजूर करून घ्यायचा. आमच्यासारख्या लहानांनी नेमून दिलेल्या जागी न्यायचं. नेमून दिलेल्या! अहो, नेमा की मग.

पडवीच्या वेळचा डंपरवाला म्हणाला होता, "भाऊ, तुम्ही जागा दाखवा, मी पाव ब्रास बाहेर सांडणार नाही." त्या पोरावर राग धरवत नाही. खेपेवर पैसे मिळतात त्याला. राग येतो तो बंगलेवाल्यांचा. वीस लाखांचं इंटीरिअर करतील, आणि डबराचं विचारलं की "ते कंत्राटदार बघतो." खाडीकडे तर भराव टाकून खाजणच, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी जमीनच, गिळतात.

पंचायतीकडे पैसा नाही, मान्य. पण सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, बंद पडलेल्या चिरेखाणी आहेत ना? पावसात त्यात गुरं पडतात. परवानगी काढा, एक खाण ठरवा, आणि निवडलेलं दगड-काँक्रीटच तिथे जाऊ द्या. पीओपी, रंगाचे डबे अजिबात नकोत, कारण सड्यात मुरलेलं पाणीच खालच्या वाडीच्या विहिरीला येतं.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा विषय घेणार आहे. नुसते लाइकचे अंगठे टाकू नका, कोण येणार ते लिहा.