एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: सर्व्हर का उठले नाहीत

नमस्कार साहेब,

कुपवाड एमआयडीसीतल्या तुमच्या कारखान्यात आम्ही सहा सर्व्हर बिनडिस्कचे केले. ते आयस्कझीने (नेटवर्कवरून डिस्क वापरायची पद्धत) थेट स्टोरेजवरून, म्हणजे सगळ्यांच्या डिस्क असलेल्या एका यंत्रावरून, सुरू होतात. तुमच्या तक्रारी तीन: लाईट आल्यावर सर्व्हर आपोआप उठले नाहीत, एके दिवशी सगळे 'रीड ओन्ली' (नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही) झाले, आणि जुना नेटवर्क स्विच असताना नवा गळ्यात मारला. पहिली चूक आमची. दुसरी अर्धी आमची. तिसरी मान्य नाही.

लाईट आली की स्विच दोनेक मिनिटांत तयार होतो. स्टोरेजला मात्र डिस्क तपासून आयस्कझीचं दार, म्हणजे पोर्ट ३२६०, उघडायला सहा-सात मिनिटं लागतात. सर्व्हरना तेवढा धीर नसतो. बायोसमध्ये (सर्व्हर चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) 'लाईट आल्यावर चालू' लावलेलं, त्यामुळे सहाही एकदम सुरू झाले, स्टोरेज सापडलं नाही आणि 'नो बूटेबल डिव्हाइस' दाखवून बसले. मग बटण दाबायला माणूसच लागतो. उशिरा चालू होण्याची सेटिंग आहे, पण तुमच्या मॉडेलवर ती जास्तीत जास्त २४० सेकंदांची; पुरत नाही. आमची आयपीएक्सईची (नेटवर्कवरून बूट करणारा छोटा प्रोग्रॅम) स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारी होती, पण ती स्वतःच टीएफटीपीने (बूटच्या फाइली नेटवर्कवरून पाठवणारी सेवा) यायची, आणि टीएफटीपी त्याच स्टोरेजवर. विहिरीत उतरायचा दोर विहिरीतच ठेवला, असं झालं.

आता प्रत्येक सर्व्हरच्या आतल्या यूएसबी पोर्टात छोटा पेनड्राइव्ह बसवू, त्यात स्क्रिप्टसकट आयपीएक्सई. आयपी पत्ता स्क्रिप्टमध्येच पक्का, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीची वाट बघायला नको. सॅनबूट (स्टोरेजवरून बूट करायची आज्ञा) फसलं की दहा सेकंद थांबून परत, कितीही वेळा. एकदा बूट झालं की पेनड्राइव्हला कोणी विचारत नाही, त्यामुळे तो झिजत नाही. दोन सर्व्हर यूईएफआयचे (बायोसची नवी पिढी), चार जुन्या बायोसचे, म्हणून पेनड्राइव्हही दोन प्रकारचे. चिठ्ठ्या लावून देऊ. अदलाबदल करू नका.

'रीड ओन्ली'चं असं: लॉगप्रमाणे त्या दिवशी स्विच चार मिनिटं बंद होता. कॅमेऱ्याचा अ‍ॅडॅप्टर लावायला तुमच्याकडच्या कुणीतरी प्लग काढला. लिनक्समधला मूळ रिप्लेसमेंट टाइमआउट (तुटलेली जोडणी परत यायची वाट बघण्याची मुदत) १२० सेकंद. तेवढ्यात जोडणी परत आली नाही तर वर एरर जाते आणि फाइल सिस्टीम लिहिणं बंद करते. डेटाच्या डिस्कला हे चालतं, रूटला (जिच्यावरून सिस्टीमच चालते ती डिस्क) नाही. रूटसाठी तो आकडा ८६४०० करायचा आणि नूप-आउटचे (जोडणी जिवंत आहे का हे विचारणारा संदेश) दोन्ही आकडे शून्य. मग सर्व्हर नुसता गोठतो आणि स्विच आला की जिथे थांबला तिथून पुढे चालतो. आम्ही फाइल बदलली होती, पण इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी सिस्टीम) नव्याने बांधायचं राहिलं, आणि रूटचं लॉगिन तिथूनच होतं. प्लग तुमचा, हे आमचं.

स्विचचं बोलू. जुन्यावर कॅमेरे, ऑफिसचे पीसी, प्रिंटर सगळंच. १ गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला जेमतेम ११० एमबी जातात. सहा सर्व्हर एकदम उठले की प्रत्येकाच्या वाट्याला अठरा एमबी. शिवाय तो ९००० चा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) पुढे सोडत नव्हता. हे फसवं असतं: लॉगिनची पाकिटं छोटी, ती जातात, मोठं वाचन सुरू झालं की स्क्रीन तिथेच अडकते. तुमच्यासमोर ८९७२ बाइटचा (हेडर धरून ९०००) पिंग, म्हणजे उत्तर मागणारं चाचणीचं पाकीट, तुकडे न करता, टाकून दाखवला होता. जुन्यावर एकही उत्तर नाही, नव्यावर सगळी. नव्यात स्टोरेजसाठी १० गिगाबिटचे पोर्टही आहेत. त्याचे पैसे परत होणार नाहीत.

पेनड्राइव्ह आणि दुरुस्ती आमच्या खर्चाने. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी तीन तास द्या. मेन स्विच पाडूनच चाचणी करू. तोवर लाईट गेली-आली तर आधी स्विच लावा, मग स्टोरेज. स्टोरेजच्या वेब पानावर सगळे व्हॉल्यूम (सर्व्हरच्या डिस्क) 'ऑनलाइन' दिसेपर्यंत थांबा, मग सर्व्हर एकेक, अर्ध्या मिनिटाच्या अंतराने.

– दुकानमालक, विश्रामबाग, सांगली