तिळगूळ घ्या, अजिबात बोलू नका

दर वर्षी पंचांगात संक्रांतीचं वाहन दिलेलं असतं. ती कशावर बसून येते, हातात काय घेते, कोणत्या दिशेला बघते, सगळं. जिकडे बघते तिकडच्यांचं काही खरं नसतं म्हणतात. आमच्यावरची संक्रांत बोटीवर बसून आली, हातात दुर्बीण होती आणि तोंड उत्तरेला होतं. सोबत जावई होते.

लेकीच्या लग्नानंतरची पहिली संक्रांत. काळी साडी, हलव्याचे दागिने, जावयांना सदरा आणि दोन किलो तिळाच्या वड्या असा सरंजाम घेऊन आम्ही उभयता डोंबिवलीहून स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला, लेकीकडे पोचलो. दोन दिवस लाड झाले. तिसऱ्या दिवशी जावई म्हणाले, "बाबा, संक्रांत इथे घरात काय करायची? उत्तरेला शेटलँड बेटांवर जाऊ. ऑटर बघू."

"ऑटर म्हणजे?" हिने विचारलं.

"पाणमांजर, आई."

"मांजर बघायला बोटीने जायचं? आमच्या सोसायटीत अकरा आहेत."

पण ही वाक्यं मनातल्या मनात म्हटल्यासारखीच. जावयाला नाही म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. माझ्या सासऱ्यांनी मला कधी नाही म्हटलं नाही. त्याची परतफेड माझ्याकडून अशी साठाव्या अक्षांशावर वसूल होईल याची मात्र कल्पना नव्हती.

हिची एकच अट होती, पफिन दिसला पाहिजे. पफिन म्हणजे तो काळा कोट घातलेला, रंगीत चोचीचा, भातुकलीतल्या नवरदेवासारखा पक्षी. लेकीच्या फ्रिजवर त्याचं मॅग्नेट आहे. जावई गप्प राहिले. का, ते शेटलँडच्या लरविक बंदरात उतरल्यावर कळलं. दुकानात मगवर पफिन, रुमालावर पफिन, मोज्यांवर पफिन. खरा पफिन एप्रिलमध्ये कड्यावर येतो, ऑगस्टमध्ये निघून जातो आणि हिवाळाभर भर समुद्रात असतो. तिथले लोक त्याला टॅमी नोरी म्हणतात. "म्हणजे ज्याला अक्कल आहे तो थंडीत इथे राहत नाही," असं म्हणून हिने एक मग घेतला.

बोटीच्या प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. संध्याकाळी सातला ॲबरडीनहून निघालेली बोट सकाळी साडेसातला लरविकला लागते. मधल्या साडेबारा तासांत मी नवसाला कधीही न बोललेल्या देवांनासुद्धा बोललो.

लरविकहून गाडीने पाऊण तास, मग पुन्हा वीस मिनिटांची छोटी बोट, की येल नावाचं बेट लागतं. 'येल' म्हणजे इंग्रजीत ओरडणं. आणि तिथे पाय ठेवल्याबरोबर जावयांनी सांगितलेला पहिला नियम: ओरडायचं नाही. दुसरा नियम: बोलायचंही नाही. पाणमांजराचं नाक फार तिखट असतं, कान चांगले असतात, त्यामानाने लांबचं तितकंसं दिसत नाही. पण हालचाल मात्र लगेच टिपतं. म्हणून वारा कायम आपल्या तोंडावर यायला हवा, म्हणजे आपला वास त्याच्याकडे जात नाही.

वाऱ्याचं हे कलम मी नीट ऐकलं नव्हतं. तापमान पाच अंश म्हटल्यावर मी निर्धास्त होतो. पाच अंश आमच्या निफाडलाही होतं. माझे मामा त्या थंडीत अंगावर नुसती घोंगडी घेऊन द्राक्षबागेत शेकोट्या पेटवत बसायचे. पण निफाडला समोरून अटलांटिक येत नाही. येलचा वारा माकडटोपीच्या लोकरीच्या एकेका टाक्याची चौकशी करत आत येतो. आणि आम्ही दिवसभर त्याच्याकडे तोंड करून बसणार होतो, आपण होऊन, सुट्टी काढून.

माकडटोपीवरूनही वाद झाला. ती लाल होती. जावई म्हणाले, "बाबा, रंग जरा भडक आहे." हिची काळी साडी मात्र पसंत पडली. त्या साडीवर स्वेटर, त्यावर लेकीचं जाकीट आणि खाली गमबूट. पहिल्या संक्रांतीचं कौतुक कोणाचं आणि नटून बसलंय कोण, हे बघणाऱ्याला कळलं नसतं.

चौदा जानेवारीला सूर्य उगवला नऊच्या सुमाराला. साडेतीनला मावळणार होता. आपण म्हणतो, संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो. डोंबिवलीत तो खरंच तिळाएवढा, रोज अर्ध्या मिनिटाच्या आसपास वाढतो. येलला रोज जवळपास चार मिनिटांनी वाढत असतो. तिथल्या हिशेबाने तीळ नाही, लाडू. हे मी उत्साहाने सांगायला लागलो तर लेकीने ओठांवर बोट ठेवलं. मग पिशवीतून वड्या काढून सगळ्यांना एकेक दिली आणि कुजबुजली, "तिळगूळ घ्या, अजिबात बोलू नका."

किनाऱ्यापर्यंतची चाल पीटवरून होती. पीट म्हणजे वनस्पती हजारो वर्षं पाण्यात अर्धवट कुजून झालेली काळी, स्पंजासारखी जमीन. लोक ती विटांसारखी कापून, वाळवून जाळतात. वरून बघताना साधं गवत वाटतं. पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत माहिती मिळते. माझा एक गमबूट दोनदा तिथेच राहिला. दुसऱ्यांदा तो काढायला जावई आणि लेक दोघं लागली.

किनाऱ्याजवळ एका उंचवट्यावर जावई एकदम गुडघ्यावर बसले. आजूबाजूचं गवत पिवळं पडलेलं, तो उंचवटा तेवढा हिरवागार. त्यावर काळपट काहीतरी पडलं होतं. त्यांनी ते दोन बोटांत धरलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

"ताजी आहे."

"काय?"

"पाणमांजराची विष्ठा. बाबा, वास घ्या. जाईच्या फुलांसारखा येतो."

बत्तीस वर्षं नोकरी केली, साहेबाने पुढे केलेल्या कागदावर न वाचता सह्या केल्या, पण असा प्रसंग आला नव्हता. जावयाने प्रेमाने पुढे केलेला हात. मी वास घेतला. जाई होती, नाही असं नाही. पण मासळीबाजारात गजरेवाली बसावी तशी होती. तेच ते ठिकाण वर्षानुवर्षं वापरल्यामुळे खत मिळून गवत इतकं हिरवं होतं, असं जावयांनी सांगितलं. पाणमांजरं एकमेकांना निरोप ठेवतात तो असा. हिने पदर नाकाला लावून तो निरोप लांबूनच वाचला.

मग खडकांवर बसणं सुरू झालं. ओहोटी अकराला होती. ओहोटीच्या आगेमागे पाणमांजर हमखास मासे धरतं, असं शास्त्र. बाकी ठिकाणी रात्री नदीत हिंडणारा हा प्राणी शेटलँडला दिवसाढवळ्या समुद्रात जेवतो. पण समुद्राचं मीठ केसांत साठलं तर थंडी आत शिरते, म्हणून त्याला गोड्या पाण्यात अंग धुवावं लागतं. बिळंसुद्धा गोडं पाणी बघून करतं.

"म्हणजे ते रोज आंघोळ करतं," ही कुजबुजली. "तुम्ही बोटीत बसल्यापासून केलेली नाही."

तिसरा नियम आता आला. पाणमांजर बुडी मारतं ती साधारण अर्ध्या मिनिटाची. ते पाण्याखाली असेल तेवढ्यात आपण पुढे सरकायचं आणि डोकं वर आलं की जागच्या जागी थिजायचं. मला लहानपणीचा खेळ आठवला. कोणी 'स्टॅच्यू' म्हटलं की असाल तसे उभे. त्या खेळात मी चाळीत पहिला यायचो. पण तेव्हा गुडघे माझ्या बाजूने खेळत होते.

प्रत्यक्षात थिजायला काही लागलं नाही, कारण बुडी मारायला कोणी आलंच नाही. पहिला तास मी एका तपकिरी डोक्यावर नजर लावून होतो. ते वर येई, खाली जाई, वर येई. श्वास रोखून जावयांना खूण केली. त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि फार अदबीने म्हणाले, "बाबा, शेवाळ आहे." दुसरं डोकं खरंच डोकं निघालं, पण सीलचं. सील मात्र मान वर काढून आमच्याकडेच टक लावून बसला. आमच्या सोसायटीचा वॉचमन नव्या भाडेकरूकडे बघतो तसा. चार माणसं, एक लाल टोपी, एक काळी साडी. त्याचा दिवस चांगला गेला असावा.

लांब शेपटीची बदकं होती. आर्क्टिककडून हिवाळा काढायला येतात. आवाज काढतात त्यावरून तिथे त्यांना कलू म्हणतात. ती आपसात सारखी बडबडत होती. त्या किनाऱ्यावर बोलायची परवानगी फक्त त्यांना होती.

मधेच एक म्हातारा कुत्र्याला घेऊन गेला. "सीन ओनी ड्राट्सीज?" असं काहीसं विचारलं. ड्राट्सी म्हणजे पाणमांजर. जावयांनी नाही म्हटलं. म्हातारा म्हणाला, त्याच्या धक्क्यावर रोज सकाळी एक येतं, सगळी घाण करून ठेवतं, धुऊन धुऊन तो कंटाळलाय. एवढं बोलून हात हलवून चालता झाला. मी लेकीकडे पाहिलं. लेकीने समुद्राकडे पाहिलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. थंडी, चार कप चहा आणि वय या तिन्हींचा एकत्रित परिणाम साडेअकराच्या सुमाराला जाणवू लागला. एरवी माणूस म्हणतो, जरा झाडाआड जाऊन येतो. शेटलँडला झाडंच नाहीत. खारा वारा आणि हजारो वर्षं चरणाऱ्या मेंढ्यांनी जवळपास सगळं साफ केलेलं. नजर जाईल तिथवर गवत, दगड, पाणी. आडोसा या शब्दाला मराठीत किती किंमत आहे ते मला त्या दिवशी कळलं. शेवटी पाचशे पावलांवर एका पडक्या घराची भिंत दिसली. मी उठलो.

"बाबा, हलू नकोस!" लेक दबक्या आवाजात म्हणाली.

"जातो तिथे पाणमांजर नाही," एवढंच म्हणालो.

भिंतीशी पोचल्यावर नवा प्रश्न. प्राणी बघताना वारा तोंडावर हवा. या कामात तो पाठीवर हवा. आणि भिंतीची जी बाजू वारा पाठीवर देत होती, ती नेमकी समुद्राकडे उघडी. असो, समुद्राकडे बघणारा सीलच होता, आणि त्याच्यापासून आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. वॉटरप्रूफ पँट, तिच्या आत लोकरीची, तिच्या आत थर्मल. हातमोजे काढले तर बोटं चालेनात, घातले तर नाडी सापडेना. सात-आठ मिनिटं गेली असतील. एकदाचं जमलं.

आणि तेव्हा कुरुम कुरुम असा आवाज आला.

खाली, फार तर पंधरा फुटांवर, शेवाळावर पाणमांजर बसलं होतं. ओलं, चकचकीत, केसांचे काटे उभे, मिशांना पाण्याचे थेंब. छोटे मासे ते पाण्यातच संपवतं, मोठा असला तर किनाऱ्यावर आणतं. हा मोठा होता. पुढच्या दोन पायांत धरून, मान तिरकी करून, डोळे अर्धे मिटून ते डोक्याकडून खात होतं. माझे आजोबा कोवळी काकडी अशीच खायचे. वारा माझ्या पाठीवरून थेट त्याच्याकडे जात होता, म्हणजे शास्त्राप्रमाणे त्याने केव्हाच पळायला हवं होतं. बहुतेक भूक मोठी असावी. किंवा पीट, तिळगूळ आणि दोन दिवसांची बिनआंघोळ मिळून माझा वास माणसाचा राहिला नसावा.

हाक मारता येत नव्हती. हात हलवता येत नव्हता. दोन्ही गुंतले होते. फोन आतून तिसऱ्या खिशात. मी होतो त्याच अवस्थेत स्टॅच्यू. कुठलाही शिल्पकार घडवणार नाही असा. गुडघे थरथरत होते, नाक गळत होतं, आणि तरी मला हसू फुटत होतं. इतकं छान जेवताना मी बरेच दिवसांत कोणाला पाहिलं नव्हतं.

तीन मिनिटं असतील, पाच असतील. मग त्याचं नाक वर उठलं, दोनदा हललं. त्याने माझ्याकडे पाहिलं. नेमकं कुठे पाहिलं ते सांगत नाही. सावकाश वळलं, मासा तिथेच टाकला आणि पाण्याला साधा तरंगही न उठवता आत गेलं.

मी धावत परतलो. धावत म्हणजे गमबूट परवानगी देतील तसा. "दिसलं! पंधरा फुटांवर!"

जावयांच्या चेहऱ्यावर आदर आणि अविश्वास समसमान होते. लेक म्हणाली, "बाबा, शेवाळ असेल."

"शेवाळ मासा खातं का?"

ही काहीच बोलली नाही. माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, "अहो, आधी नाडी बांधा."

सगळे भिंतीपाशी गेले. अर्धा मासा होता. ओल्या वाळूत पाच बोटांचे ठसे होते. जावई पुन्हा गुडघ्यावर बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या दिवशी आणखी कोणाला काही दिसलं नाही. तीनच्या पुढे उजेड आटपायला लागला तेव्हा आम्ही निघालो.

रात्री जेवणं झाल्यावर ते आपली वही घेऊन माझ्यासमोर बसले. सात वर्षांच्या नोंदी आहेत तिच्यात. तारीख, वेळ, ओहोटी, वाऱ्याची दिशा, सगळे रकाने. एकेक विचारत होते, मी सांगत होतो. मग पेन थांबलं.

"बाबा, शेवटचा रकाना आहे. त्या वेळी निरीक्षक काय करत होता?"

स्वयंपाकघरात भांडं पडलं आणि पाठोपाठ मायलेकींचं हसणं ऐकू आलं. जावई मात्र गंभीर होते. त्यांनी काहीतरी लिहिलं, वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाहेर अजून काळोखच होता, मी टेबलाशी येऊन बसलो. माझ्यासमोर चहाचा कप होता. तो संपवला तर जावयांनी दुसरा ओतला. दुसरा संपायच्या आत तिसरा भरला आणि थर्मास माझ्याकडे सरकवत म्हणाले, "घ्या बाबा, घ्या. आज आपण सगळेच त्या भिंतीपाशी बसू."