‘कान उघडा’ म्हणणाऱ्या वाचकास: पर्वतीय बँडच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जर्मन सैन्याच्या पर्वतीय बँडवर, म्हणजे बायर्नमधल्या (बव्हेरियातल्या) गार्मिश-पार्टेनकिर्खेनच्या गेबिर्ग्समुझीककोरवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: बँडची परंपरा मी फुगवून सांगितली, महायुद्धाबद्दल मौन पाळलं, अल्पहॉर्नची (आल्प्समधल्या लांब लाकडी शिंगाची) लांबी चुकवली, ट्यूबा (बँडमधलं खर्जाचं मोठं पितळी वाद्य) हे लष्करी वाद्यच नाही, आणि शेवटी हे वाक्य: ‘आंधळं कौतुक करण्याआधी जरा कान उघडा, बर्फातला तो कार्यक्रम सरळसरळ बेसूर आहे आणि अल्पहॉर्नवाल्यांना साधा मध्यम लावता येत नाही, मी हार्मोनियमशी ताडून पाहिलंय.’

टीका करा, जरूर करा. पण ‘आंधळं कौतुक’ आणि ‘कान उघडा’ याला टीका म्हणत नाहीत. ज्या माणसाला आपण ओळखत नाही त्याला ऐकू येत नाही असं गृहीत धरून बोलणं हा उर्मटपणा आहे. मी २० वर्षं ट्रम्पेट वाजवतोय, त्यातली बरीचशी उघड्यावर. बेसूर काय असतं ते मला कुणी शिकवायला नको.

एक चूक मात्र माझी आहे. अल्पहॉर्नची लांबी मी सरसकट ३.४ मीटर लिहिली होती. ती फिस (एफ शार्प) सुरातल्या स्विस अल्पहॉर्नची. बायर्नमध्ये एफ सुरातलं वाजवतात, ते साधारण २० सेंटीमीटरनी लांब असतं. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येतो.

अल्पहॉर्नला भोकं नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत. नळी एकच, आणि ओठांच्या ताणावर जे नैसर्गिक स्वरांश (हार्मोनिक) निघतील तेवढेच सूर. आठवा स्वरांश सा धरला तर नववा रे, दहावा ग, बारावा प. मध्ये अकरावा येतो, आणि तो सा-पासून ५५१ सेंटवर असतो (अर्धस्वर म्हणजे १०० सेंट). शुद्ध मध्यम ४९८ वर, हार्मोनियमची तीव्र मध्यमाची पट्टी ६०० वर. म्हणजे हा सूर दोघांच्या जवळजवळ मधोमध बसतो. आल्प्समध्ये त्याला ‘अल्पहॉर्न-फा’ असं नावच आहे. ओठ आवळून किंवा सैल सोडून तो थोडाफार सरकवता येतो, पण ५० सेंट ओढायला गेलात तर सूर फाटतो. तो मुद्दाम तसाच ठेवतात, कारण या वाद्याचा चेहरा तोच आहे. तुम्ही हार्मोनियमची पट्टी दाबून त्याला नापास केलंत. ज्या पेटीला आपल्याकडेच श्रुतींच्या बाबतीत इतकी बोलणी खावी लागली, तिला या वाद्याची परीक्षक कशी नेमता?

बँडबरोबर वाजवताना मात्र हा सूर खरंच अडचणीचा असतो. एफ अल्पहॉर्नचा अकरावा स्वरांश सुमारे ४८० हर्ट्झ, बँडचा बी फ्लॅट, म्हणजे एफला सा धरलं तर शुद्ध मध्यम, ४६६. दोन्ही एकत्र वाजले तर सेकंदाला १४ ठोके पडतात आणि कानाला खरखर लागते. म्हणून रचना बांधतानाच अल्पहॉर्नच्या ओळीत तो सूर टाळतात, किंवा तो येतो तिथे बँडला बी फ्लॅट देत नाहीत. एकट्या अल्पहॉर्नच्या तुकडीत तो बिनधास्त येतो, कारण तिथे सगळ्यांचाच अकरावा एका जागी असतो. तुम्ही ऐकलात तो भाग नेमका अल्पहॉर्नच्या तुकडीचा होता.

राहिला बर्फ. आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, शून्य अंशाला ३३१. नळी तेवढीच आणि वेग कमी, की सूर उतरला. नळीतली सगळी हवा २० अंशांनी गार झाली तर उतार ६० सेंटचा. श्वासाच्या उबेमुळे प्रत्यक्षात तो कमी होतो, पण सगळ्या वाद्यांत सारखा कमी होत नाही. खरी गोम इथे आहे. बी फ्लॅट ट्रम्पेटची नळी सुमारे १.४ मीटर, थोड्याच फुंकरींत तापते. बी फ्लॅट ट्यूबाची साडेपाच मीटर, ती मैदानात पुरती तापतच नाही. शिवाय मिरवणुकीत उभी धरून वाजवतात ती लायरा: तिच्या धातूच्या पट्ट्यांचा सूर थंडीत जवळजवळ हलत नाही. ट्रम्पेट थोडी खाली, ट्यूबा बरीच खाली, लायरा जागच्या जागी.

स्लाइड, म्हणजे नळीचा आत-बाहेर सरकणारा तुकडा, आत घ्यावी, असं तुम्ही म्हणाल. ट्रम्पेटची ट्यूनिंग स्लाइड एक सेंटीमीटर आत घेतली तर नळी दोन सेंटीमीटरनी आखूड होते आणि सूर सुमारे २४ सेंट चढतो, आणि ती मुळात एक-दीड सेंटीमीटरच बाहेर असते. पुढे काय? अल्पहॉर्नला तर स्लाइडच नाही. जोडनळी घालून सूर उतरवता येतो, चढवता येत नाही.

समारंभात भाषणं चालू असताना वाजवून वाद्य तापवायची सोय नसते. आवाज न करता नळीत गरम फुंकर सोडत राहायची, माउथपीस मुठीत किंवा खिशात धरायचा. तेवढ्यात श्वासातली वाफ आत पाणी होऊन साचते आणि शून्याखाली तिचा बर्फ होतो. जर्मन ट्रम्पेटला पिस्टन नसून फिरते व्हॉल्व्ह असतात. एक जरी जाम झाला तरी निम्मे सूर गेले. म्हणून पातळ तेल घालतात आणि हात व्हॉल्व्हवर झाकून ठेवतात. ट्रॉम्बोनच्या स्लाइडवर बर्फाचा पापुद्रा धरला की ती हलता हलत नाही. क्लॅरिनेटचं लाकूड आतून ऊबदार-ओलं आणि बाहेरून गारठलेलं असलं की त्याला तडा जातो, तो कायमचा. एवढं सांभाळून पहिल्याच ठोक्याला एकत्र सुटणाऱ्या माणसांना तुम्ही बेसूर म्हणालात.

उंचीवर हवा विरळ म्हणून सूर बिघडतो, असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. बिघडत नाही. आवाजाचा वेग तापमानावर ठरतो, दाबावर नाही. त्सुगश्पिट्स या जर्मनीतल्या सर्वांत उंच शिखरावर, २,९६२ मीटरवर, वाजवणाऱ्याला धाप लागेल, पण तेवढ्याने सूर हलणार नाही.

बाकीचे मुद्दे. ट्यूबा लष्करी वाद्य नाही? बास ट्यूबाचं पेटंट १८३५ साली बर्लिनमध्ये घेतलं गेलं, आणि घेणाऱ्या दोघांपैकी विल्हेल्म वीप्रेख्ट हा प्रशियन लष्करी संगीताचा माणूस. मशालींच्या उजेडात होणारा ग्रोसर त्सापफेनश्ट्राइख हा सोहळा, जो जर्मन सैन्य आजही करतं, तोही त्यानेच १८३८ साली मांडला. यावर आणखी वाद घालण्यासारखं काही नाही.

परंपरा फुगवली म्हणता. बुंडेसवेअर, म्हणजे आजचं जर्मन सैन्य, १९५५ साली उभी राहिली आणि हा बँड त्यानंतरचा, हे माझ्या लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. ज्या पहिल्या पर्वतीय डिव्हिजनचा तो बँड होता ती २००१ साली बरखास्त झाली, बँड राहिला. हेही लिहिलंय. वाचलं असतंत तर बरं झालं असतं.

महायुद्धाचं म्हणाल तर वेअरमाख्टच्या (नाझी काळातल्या जर्मन सैन्याच्या) पर्वतीय सैनिकांनी १९४३ साली ग्रीसमध्ये, कोमेनो गावात आणि केफालोनिया बेटावर, ज्या कत्तली केल्या त्या मला माहीत आहेत. टोपीवरचं एडेलवाइसचं फूल तेव्हाही होतं, आजही आहे, हेही माहीत आहे. पण तो विषय बँडच्या लेखात एका ओळीत उरकण्याजोगा नाही, आणि मी तो उरकला नाही म्हणजे लपवला असं होत नाही. त्यावर इथे यापुढे बोलणार नाही.

अजूनही कार्यक्रम बेसूर वाटत असेल तर एवढं करा. हार्मोनियम बाजूला ठेवा, ट्यूनर (सूर मोजायचं यंत्र) ४४३ हर्ट्झवर लावा. पहिल्या रचनेतला ट्यूबाचा एखादा लांब सूर मोजा, मग चौथ्या रचनेतला तोच सूर मोजा. दोन्हींच्या सेंटचे आकडे आणि त्या दिवशीचं तापमान इथे खाली लिहा. त्यावर मी नक्की उत्तर देईन.