आष्टी ते चिमूर: दगडावर नसलेला मजकूर

गेल्या वर्षी नागपंचमीच्या आदल्या आठवड्यात थोरल्या बंधूंसोबत वरूड तालुक्यातून निघालो आणि बेनोडा, आष्टी, आर्वी, सेवाग्राम करीत समुद्रपूर-गिरडच्या रस्त्याने चिमूरला पोहोचलो. १९४२ च्या आंदोलनाची स्मारके असलेली ही गावे आम्ही दोघांनीही आजवर गाडीच्या काचेतूनच पाहिली होती, ती एकदा उतरून पाहावीत, एवढेच निमित्त होते. बंधू निवृत्त शिक्षक आहेत. या विषयावरचा धडा आपण वर्षानुवर्षे शिकवला, पण त्या जागी कधी गेलो नाही, ही रुखरुख त्यांना माझ्यापेक्षा जास्त होती.

आपल्या भागात एक गोष्ट मला विलक्षण वाटते. बेनोडा शहीद, आष्टी शहीद, यावली शहीद अशी गावांची नावेच घडलेली आहेत. पत्ता सांगताना, सोयरिकीची बोलणी करताना, बाजारात संत्र्याच्या बागेचा सौदा ठरवताना माणसे हा शब्द सहज उच्चारतात. एवढे टिकाऊ स्मारक कोणत्याही ठेकेदाराला बांधता आले नसते. बांधलेल्या स्मारकांची अवस्था मात्र सर्वत्र अशी नाही. वाटेतील एका गावात (नाव मुद्दाम लिहीत नाही) फाटकाला कुलूप होते. समोरच्या पानठेल्यावर विचारले तेव्हा उत्तर आले, "चाबी बाबूजवळ रायते जी, अन् बाबू आज सुट्टीवर हाय." आम्ही कठड्यावरून वाकून पाहिले. स्तंभावर दरवर्षी रंगाचा नवा हात दिल्यामुळे कोरलेली अक्षरे बुजली होती आणि नंतर कोणीतरी त्यांवरून काळ्या रंगाने अंदाजाने गिरवले होते. एका आडनावातील 'ढ' चा 'ट' झालेला होता. बंधूंनी खिशातून रुमाल काढून हात लांब करून ते अक्षर पुसून पाहिले, पण तो ऑइलपेंट होता. शेजारच्या उद्घाटनाच्या फरशीवरील पाहुण्यांची नावे मात्र बिनचूक वाचता येत होती.

कुलपाबद्दल आणि रंगाबद्दल मला फार तक्रार करायची नाही. ग्रामपंचायतीने मनावर घेतले तर ते दोन दिवसांचे काम आहे. माझा आक्षेप मजकुरावर आहे. या प्रवासात जे काही वाचायला मिळाले, त्यात बहुतेक ठिकाणी नावे, तारीख आणि 'विनम्र अभिवादन' यापलीकडे काही नव्हते. त्या दिवशी गावात काय घडले, हे बाहेरून आलेल्या माणसाला दगडावरून कळत नाही.

१६ ऑगस्ट १९४२ हा नागपंचमीचा दिवस होता. त्या एकाच दिवशी आष्टी आणि चिमूर या दोन्ही गावांत पोलिसांनी गोळीबार केला. आष्टीत सहा जण गेले. त्यांत डॉ. गोविंद मालपे होते, रशीद खाँ होते, गोंड समाजातील एक जण होता. चिमूरला बालाजी रायपूरकर हा जेमतेम सोळा वर्षांचा मुलगा मारला गेला. संतापलेल्या जमावाच्या हातून आष्टीत पोलीस मारले गेले आणि चिमुरात सरकारी अधिकारीही ठार झाले. हा भाग सांगताना आपण अडखळतो. तो स्पष्ट लिहिल्याने हुतात्म्यांना काही कमीपणा येतो, असे मला वाटत नाही. उलट तो गाळला, तर पुढे दोन्ही गावांतील इतक्या माणसांना फाशीच्या शिक्षा का झाल्या, त्या रद्द व्हाव्यात म्हणून नागपूरच्या काँग्रेस नेत्या अनसूयाबाई काळे यांनी जिवाचे रान का केले आणि अखेर १९४५ मध्ये फाशीची जन्मठेप कशी झाली, याचा उलगडाच होत नाही.

त्याहून जास्त अडखळतो ते चिमूरच्या पुढील दिवसांपाशी. लष्कर आणि पोलीस गावात शिरले, पुरुषांची धरपकड झाली आणि घरांत मागे राहिलेल्या स्त्रियांवर अत्याचार झाले. त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्रा. भन्साळी उपोषणाला बसले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा आपल्याच वणीचे लोकनायक बापूजी अणे होते, म्हणून भन्साळींनी आरंभी थेट दिल्लीत त्यांचे दार गाठले. तेथून त्यांना परत पाठवण्यात आले, तरी त्यांनी उपोषण सोडले नाही. या उपोषणाच्या बातम्या छापण्यावर सरकारने बंदी घातली. ६३ दिवसांनी, १२ जानेवारी १९४३ रोजी, उपोषण सुटले. सेवाग्रामच्या आवारात उभे राहून बंधू म्हणाले, "हे मी पोरांना कधीच शिकवले नाही. तुकडोजी महाराजांची अटक शिकवली, गोळीबार शिकवला, हे टाळले."

का टाळले, असे मी त्यांना विचारले नाही, कारण मीही तेच केले असते. ज्या घरांनी तो प्रसंग सोसला, त्यांची नावे जाहीर व्हावीत असे कोणीही म्हणणार नाही, मीही नाही. परंतु 'या गावच्या स्त्रियांनी पारतंत्र्याची ही किंमत मोजली' असे एक वाक्य लिहायला नावांची गरज नसते. गोळी लागून मेलेल्या माणसाला आपण हुतात्मा म्हणतो, त्याच्या नावाचा चौक करतो, आणि तेच सोसून पुढे चाळीस-पन्नास वर्षे त्याच गल्लीत पाणी भरत राहिलेल्या बाईला कोणताच शब्द देत नाही. या प्रवासात मला सर्वांत जास्त खटकले ते हे.

परतल्यावर आमच्या गावच्या वाचनालयाने ऑगस्टसाठी भिंतीवर एक फलक रंगवायचे ठरवले आणि मजकूर मला लिहायला सांगितला. मी आष्टी-चिमूरवर बारा ओळी लिहून दिल्या. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी त्या शांतपणे वाचल्या, स्तुतीही केली आणि मग नववी ओळ बोटाने दाखवून म्हणाले, "एवढी कमी करता आली तर पाहा, इथे मुले येतात." त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मला माहीत आहे. मी कागद घडी करून परत आणला. रंगारी दोनदा विचारून गेला आहे. बाराच्या बारा ओळी लिहायच्या असतील तर ये, असे त्याला सांगितले आहे.